शेजारचा पाट

विषय : नावाडी रायभान यास राणी वेणुमती यांच्या शेजारच्या पाटावर बसण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) कैलासवासी राजे धवलसेन यांची अंतिम इच्छा. (२) दहाव्याच्या पिंडाला कावळा न शिवणे. (३) एकाक्ष नावाच्या कावळ्याचे तोंडी निवेदन.

उपरोक्त विषयासंबंधीची हकिगत येणेप्रमाणे :

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. तो चांगला होता असे सगळे म्हणत, आणि तो हयात असतानाही म्हणत. त्याअर्थी त्यात थोडेफार तथ्य असावे. त्याची राणी वेणुमती. जेवणाच्या वेळी राजाचा चंदनी पाट आणि राणीचा शिसवी पाट एकमेकांना खेटून मांडलेले असत. पहिला घास उचलण्याआधी राजा राणीच्या ताटात पाही. तिच्या भातावर तूप कमी दिसले, तर तो वाढप्यावर रागावे. राजाचा राग काय तो एवढाच होता.

एकदा राजाला ताप आला आणि त्यातच तो गेला. राजवैद्यांनी रोगाचे निदान केले, पण ते नंतर.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला. त्या राज्यात कावळा हा पक्षी नव्हता, अधिकारी होता. मेलेल्या माणसाच्या मनात काय राहून गेले ते त्याला कळे. काठावरच्यांपैकी कुणी ते पुरे करण्याचे वचन मोठ्याने दिले, की कावळा खाली येऊन पिंडाला शिवे, आणि मेलेला मोकळा होई. राजघराण्याच्या कामासाठी एकाक्ष नावाचा कावळा नेमलेला होता. तो येऊन वडाच्या फांदीवर बसला आणि मान तिरकी करून खाली पाहू लागला.

प्रधान म्हणाले, "महाराज, आम्ही राज्य सांभाळू." कावळा हलला नाही. सेनापती म्हणाले, "सीमा राखू." कावळ्याने चोच फांदीला पुसली. मोतद्दार रडत म्हणाला, "मालक, तुमच्या घोड्याला भिजवलेले हरभरे रोज घालीन." कावळ्याने त्याच्याकडे जरा आपुलकीने पाहिले, पण खाली आला नाही.

राणी काहीच बोलली नाही. तिला कुणी बोलायला सांगितलेही नाही. शोकात बुडालेल्या बाईकडून वचन ते काय मागायचे, असे सगळ्यांना वाटले.

ऊन चढत गेले. सकाळपासून उपाशी असलेल्या दरबाऱ्यांचे दुःख वाढत गेले. शेवटी राजपुरोहित त्रिविक्रमशास्त्री यांनी दर्भाच्या चार काड्या घेतल्या, त्यांचा एक कावळा वळला, तो पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "शिवला." शास्त्रात अशी सोय आहे. मग सगळे जेवायला गेले. खरा कावळा फांदीवरच बसून होता.

आता, त्या राज्याच्या सिंहासनावर एका जुन्या मांत्रिकाचा शाप होता. तो सिंहासनाच्या पाठीवर स्वच्छ अक्षरांत कोरलेला होता. परंतु ती बाजू भिंतीकडे असे आणि राजे तिच्याकडे पाठ करून बसत, त्यामुळे वाचलेला कुणी नव्हता. शाप असा : ज्या दिवशी राजाची अंतिम इच्छा डावलली जाईल, त्या दिवसापासून या राज्यात कुणाचेही हाती घेतलेले काम पुरे होणार नाही.

तसेच झाले. कुंभाराचे मडके काठापर्यंत येई आणि तिथेच राही. भाताला कणी राही. एका गावात लग्न चालू होते. भटजी मंगलाष्टकांमागून मंगलाष्टके म्हणत राहिले, पण 'सावधान' काही येईना. वऱ्हाडी घरी जाऊन जेवून परत येत, आणि नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभीच. चालणे-बोलणे तेवढे शापात मोडत नव्हते. प्रत्येक हुकमात अशा काही सवलती असतात. माणसे बोलत होती आणि कामे होत नव्हती, त्यामुळे दरबाराचा कारभार सुरळीत चालू होता. कचेऱ्यांना शाप लागल्याचे वर्षभर कळलेच नाही.

मरणेही पुरे होईना. आणि इथून रायभानचा संबंध येतो.

रायभान नदीवरचा नावाडी होता. त्याची नाव मध्यावर जाई आणि आपोआप वळून माघारी येई. धंदा बसला होता, पण त्याचे त्याला फारसे वाटत नव्हते. त्याची आई गिरजाई झोपडीत मरणाला टेकलेली होती आणि दोन वर्षे टेकलेलीच होती. शेवटचा श्वास घशाशी येई आणि अडकून राही. कळा येत, जात, पुन्हा येत.

"अरे रायभान," ती म्हणे, "मरायला टेकलेल्या माणसानं टेकून तरी किती बसायचं? तुझे वडील एका दुपारीत गेले. माझ्यापायी एवढा घोळ का?"

"बघतो काहीतरी, आई."

"दोन वर्षं बघतोयस. नदीएवढं पाणी बघून झालं तुझं. आता मोकळं कर मला."

रायभान गावातल्या मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाने कवड्या टाकल्या, डोळे मिटले आणि म्हणाला, "गाठ राणीच्या गळ्याशी आहे." एवढे सांगून त्याची दृष्टी अर्ध्यात अंधारली, कारण त्याचेही काम पुरे होत नव्हते. दक्षिणा मात्र त्याने पुरी घेतली आणि वर एक कट्यार दिली. उरलेला अर्थ रायभानने आपल्या बुद्धीप्रमाणे लावला.

दुपारी महाल पेंगुळलेला होता. देवडीवर पहारा बदलण्याचे काम दोन वर्षे चालू असल्यामुळे जुने आणि नवे पहारेकरी एकमेकांना मुजरे करण्यात गुंतले होते. रायभान त्यांच्या मधून आत गेला.

राणी वेणुमती चंदनी पाटासमोर बसून शेवंतीचा हार ओवत होती. राजा गेल्यापासून ती रोज त्या रिकाम्या पाटासाठी हार करायला घेई, आणि शेवटची गाठ बसत नसे. फुले ओघळून मांडीवर पडत. मग ती रडायला लागे, आणि रडणेही पुरे होत नसे.

"कोण तू?" तिने विचारले.

"रायभान. नावाडी."

"काय काम काढलंस?"

"राणीसाहेब, तुम्हाला मारायला आलोय."

राणीने मान वर केली नाही. "बरं. एवढा हार होऊ दे."

"तो होणार नाही."

"ते मलाही ठाऊक आहे," राणी म्हणाली. "पण असं म्हणायची रीत असते."

रायभानने डोळे मिटून कट्यार उगारली आणि वार केला. कट्यार राणीच्या मानेपासून चार बोटांवर येऊन थांबली. त्याने जोर लावला. घाम आला. कट्यार पुढेही जाईना आणि हातही मागे येईना. ऊन कलेपर्यंत तो तसाच अवघडून उभा राहिला. मग हात सुटला.

"उद्या येतो," तो ओशाळून म्हणाला.

"ये," राणी म्हणाली. "देवडीवर सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी तो आला. वार तिथेच अडला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तो रोज येऊ लागला. राहिलेले काम पुरे करायला माणूस येतो, यात कुणाला काही वावगे दिसले नाही. उगारलेला हात अडकून असे तोवर दुसरे काही करता येत नसे, म्हणून दोघे बोलत. त्याने आईचे सांगितले. राणीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग जोर लाव. माझी हरकत नाही. मलाही रोज उठून तेच रडायचा कंटाळा आलाय."

"असं बोलू नये."

"मारायला येतोस आणि वर शिकवतोस!" राणी म्हणाली, आणि हसली. दोन वर्षांत ती प्रथमच हसली. ते हसणे पुरे झाले की नाही, हे तिथे कुणाच्या लक्षात आले नाही.

एके दुपारी रायभानचा उजवा हात नेहमीसारखा अडकला होता. समोर राणीची शेवटची गाठ पुन्हा सुटली. रायभान जन्मभर दोरखंडांना गाठी मारत आलेला माणूस. त्याच्याने ते पाहवेना. तो तसाच खाली वाकला आणि डाव्या हाताने व दातांनी त्याने हाराची गाठ मारून टाकली.

गाठ बसली. हार पुरा झाला.

दोघे त्या हाराकडे पाहत राहिले. इथे सांगितले पाहिजे, की दुसऱ्याच्या कामाला हात लावणे हे त्या राज्यात दुसऱ्याच्या ताटात हात घालण्याइतके असभ्य मानत. कुंभाराचे मडके कुंभारानेच उतरवायचे, विणकराचा धागा विणकरानेच तोडायचा. एका कारकुनापुढचा कागद वाऱ्याने उडून दुसऱ्यापुढे पडला, तर दुसरा डोळे मिटून घेई. त्यामुळे शापात एवढे मोठे भोक होते, हे दोन वर्षांत कुणालाही आढळले नव्हते. आपले आपल्याला पुरे करता येत नव्हते. दुसऱ्याचे येत होते.

"काव," गवाक्षातून आवाज आला. एकाक्ष तिथे बसला होता. "आता मला बोलावं लागणार."

"तुला राजांची इच्छा ठाऊक आहे?" राणीने विचारले.

"आहे. कावळा शिवला की शाप तुटेल, आणि इच्छा कळली की कावळा शिवेल. पण मयताचं मनोगत गोपनीय असतं. ज्या राज्यात वचन पुरं करू शकणारं माणूसच नाही, तिथं ते उघड करता येत नाही. पुराव्यादाखल तीन पुऱ्या झालेल्या गोष्टी दाखवा. एक, पैलतीराला पोचलेली नाव. दोन, शिजून झालेलं जेवण. तीन, शेवटपर्यंत रडलेलं रडणं."

"मुदत?" रायभानने विचारले.

"मुदत नाही. मात्र तोवर तुमच्या आईचा श्वास अडलेलाच राहील," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

दुसऱ्या दिवशी राणी नदीवर आली. रायभानने नाव पाण्यात लोटली आणि वल्ही मारली. मध्यावर येताच नाव नेहमीप्रमाणे वळू लागली. त्याने वल्ही राणीच्या हाती दिली. राणीने जन्मात पंख्याहून जड काही उचललेले नव्हते. नाव आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग स्वतःभोवती फिरली.

"पाण्याला मारू नका, राणीसाहेब. मागं सारा."

"सारतेय. हे पाणी हट्टी आहे."

"पाणी बरं आहे. वल्हं उलटं धरलंय."

तळहातांना फोड आले, पण नाव पैलतीराच्या वाळूत रुतली. दोघे उतरले. समोरच्या टेकडीपलीकडे राज्याची हद्द संपत होती. तिच्यापुढे शाप नव्हता, सिंहासन नव्हते, ओळखणारे कुणी नव्हते. दोघांनी त्या टेकडीकडे पाहिले. जरा जास्त वेळ पाहिले.

"आई वाट पाहत असेल," रायभान म्हणाला.

"हो. निघू या," राणी म्हणाली. परतताना तिने नाव लोटली आणि त्याने पार नेली.

दुसऱ्या कामासाठी मुदपाकखान्यातल्या माणसांना बाहेर बसवले. राणीने तांदूळ धुऊन वैरले, डाळ चढवली, पीठ मळले. रायभानने भात मुरवला, आमटीला फोडणी दिली, भाकऱ्या भाजल्या. दोन वर्षांनी त्या महालात भाताला भाताचा वास आला. बाहेर बसलेला आचारी रडू लागला. पण ते रडणे पुराव्यात धरता येत नव्हते.

राणीने आपला शिसवी पाट मांडला. क्षणभर थांबून तिने चंदनी पाटही ओढला. "बसा," ती म्हणाली. ती 'अरे'वरून 'अहो'वर केव्हा आली, हे तिचे तिलाच कळले नव्हते. गवाक्षातल्या कावळ्याला कळले होते, पण विचारल्याशिवाय सांगण्याचा त्याला अधिकार नव्हता.

"मारायला आलेल्या माणसानं पाटावर बसू नये," रायभान म्हणाला. "काम झालं की बसेन. तोवर उभ्यानं खातो."

"कोणतं काम? मला मारायचं?"

"ते नव्हे. आईचं."

तो दाराशी उभा राहिला, हातावर भाकरी घेतली, आणि घास मोडण्याआधी सहज राणीच्या ताटात पाहिले. "तुमच्या भातावर तूप नाही," तो म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने ते वाढले.

राणी बराच वेळ त्या तुपाकडे पाहत बसली. मग ती पोटभर जेवली.

तिसरे काम अवघड होते. राणी रोज रडत होती, पण रडणे दुसऱ्याच्या हाती कसे द्यायचे? दोघे चंदनी पाटासमोर बसले. ती आपल्या पाटावर, तो जमिनीवर. राणीने रडायला सुरुवात केली. निम्म्यावर आल्यावर नेहमीप्रमाणे हुंदका अडला.

"राजे कसे होते?" रायभानने विचारले.

"उंच होते," राणी म्हणाली. "घोड्याशी बोलत. गाता येत नव्हतं, पण गात. आणि जेवायला बसले की आधी माझ्या ताटात बघत. तूप कमी असलं तर वाढप्याला रागवत. गेल्यावर पहिल्या दिवशी मी जेवायला बसले, आणि माझ्या ताटात कुणी बघितलं नाही. बस्स. एवढंच आहे माझं दुःख. लोकांना वाटतं, केवढं मोठं असेल."

रायभानने त्या पाटाकडे पाहिले. मधोमध तो बसून बसून गुळगुळीत झाला होता. ज्याला त्याने जन्मात पाहिले नव्हते, त्या माणसाची त्याला एकाएकी ओळख पटली. तो राजासाठी रडू लागला, आणि राणीचे जे रडणे दोन वर्षे अडून होते ते सगळे त्याच्या डोळ्यांवाटे वाहून गेले. शेवटचा हुंदका आला आणि थांबला. राणीने आपल्या गालांना हात लावून पाहिला. ते कोरडे होते.

"झालं," ती नवलाने म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, "आता तरी पाटावर बसा."

"आता बसायला हरकत नाही," रायभान म्हणाला आणि उठला.

"थांबा," गवाक्षातून कावळा म्हणाला. "तिन्ही पुरावे मिळाले. आता राजांची इच्छा ऐकून घ्या. मग बसायचं की नाही ते ठरवा."

तो आत आला, चंदनी पाटाच्या कडेवर बसला, आणि त्याने राजाचे शब्द जसेच्या तसे सांगितले : "माझ्यामागे वेणुमतीच्या शेजारी, माझ्या जागी, दुसऱ्या कुणाचा पाट मांडू नये."

रायभान पाटापासून एक पाऊल मागे सरला.

"एवढंच?" राणी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तर मी न मागता हे वचन दिलं असतं. त्याची काही किंमतच नव्हती तेव्हा."

"तेव्हा कुणी विचारलं नाही," कावळा म्हणाला. "गवताचा कावळा करून जेवायला गेलात."

त्रिविक्रमशास्त्र्यांना बोलावून घेतले. ते म्हणाले, "भलताच उशीर होत होता. आणि सर्व विधी नियमानुसार झाले होते."

"शास्त्रीबुवा," राणी म्हणाली, "नियमाबद्दल तक्रार नाही." मग ती कावळ्याकडे वळली. "मी वचन दिलं नाही तर?"

"तर शाप राहील. तुम्ही दोघं एकमेकांची कामं पुरी करत सुखानं राहाल. लग्नातले ते दोघं अंतरपाटाशी उभे राहतील. आणि गिरजाईचा श्वास घशाशी राहील."

राणीने रायभानकडे पाहिले. "तुमचं काय म्हणणं?"

रायभान खाली पाहत होता. "काल बसायला हवं होतं मी पाटावर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात तेव्हा. एवढंच माझं म्हणणं."

"आणि आई?"

"आईसाठीच आलो होतो," तो म्हणाला. पुढचे त्याला बोलवेना; आणि पुढचे राणीने पुरे केले.

"उद्या नदीवर पिंड मांडा," ती शास्त्र्यांना म्हणाली.

"एक बाब राहिली," कावळा म्हणाला. "मी शिवलो की अडलेलं सगळं, जिथं अडलं तिथून पुढं सरकेल. रायभान, तुमचा वार चार बोटांवर अडलाय. तोही सरकेल. तुम्ही कुठंही असलात तरी."

रायभानने दोन्ही हात पुढे केले. "माझे हात बांधा. तोडा हवे तर."

"काही नको," राणी म्हणाली. "दुसऱ्यानं पुरं केलेलं चालतं ना? द्या ती कट्यार इकडं." तिने मुदपाकखान्यातून एक कोहळा आणवला, तो आपल्या पाटावर ठेवला, आणि रायभानचा अर्धा राहिलेला वार त्याच्यावर उतरवून पुरा केला. कोहळ्याची दोन भकले झाली.

शास्त्री खाकरले. "कोहळा बोकडाच्या बदली देण्याचा प्रघात आहे. राणीच्या बदली कोहळा... आधार पाहावा लागेल."

"गवताच्या कावळ्यापेक्षा बरा आहे," एकाक्ष म्हणाला. विषय तिथेच संपला. कोहळ्याचे दुसऱ्या दिवशी सांडगे घातले.

रायभान निघाला. "तुम्ही वचन द्याल तेव्हा मी आईपाशी असेन," तो म्हणाला. "मला ते ऐकवणार नाही."

"मलाही तुमच्यादेखत बोलवणार नाही," राणी म्हणाली. "या."

सकाळी पिंड मांडला. सगळा दरबार आला; या खेपेस सगळे न्याहारी करून आले होते. राणी पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली :

"मी वेणुमती. माझ्या शेजारी, तुमच्या जागी, दुसऱ्या कुणाचा पाट मांडणार नाही." ती थांबली. कावळ्याने पंख उघडले. "तुम्ही स्वतः तशी परवानगी द्याल तोवर," ती म्हणाली.

कावळ्याने पंख मिटले. त्याने डोकावून पिंडाकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग आपल्या एका डोळ्याने राणीकडे.

"मनापासून?"

"दोन्ही वाक्यं मनापासून."

"पुरवणीला मूळ इच्छेत मनाई दिसत नाही," कावळा म्हणाला. तो खाली आला आणि पिंडाला शिवला.

त्या क्षणी कुंभाराचे मडके चाकावरून उतरले. भात मऊ झाला. त्या गावात भटजी 'सावधान' म्हणाले, अंतरपाट खाली आला, आणि नवरानवरीने एकमेकांना प्रथम पाहिले. दोन वर्षे उभे राहून दोघांचेही पाय सुजले होते, पण दोघेही हसले. देवडीवर पहारा बदलला. कचेऱ्यांतही कामे पुरी होऊ लागली, आणि त्यामुळे काही काळ बराच गोंधळ माजला.

नदीकाठच्या झोपडीत गिरजाईने डोळे उघडले.

"झालं का रे तुझं काम?"

"झालं, आई."

"मारलंस तिला?"

"नाही."

"मला ठाऊक होतं," गिरजाई म्हणाली. "कोंबडी मारायची वेळ आली की तू नदीवर पळायचास. मग कसं झालं?"

"तिनंच केलं. माझं राहिलेलं तिनं पुरं केलं."

गिरजाईने मुलाच्या तोंडाकडे नीट पाहिले. आयांना जे कळायचे ते कळते. "गुणाची दिसते," ती म्हणाली. "पाणी दे." त्याने पाणी दिले. ते ती घोट घोट, शेवटपर्यंत प्यायली, आणि तिने श्वास सोडला. तो सुटला.

तिच्या दहाव्याला कावळा पिंड ठेवता ठेवताच शिवला. तिचे काही राहिले नव्हते.

राज्याची घडी बसली. राणी वेणुमतीने कारभार हाती घेतला आणि तो चांगला चालवला. सिंहासनाची पाठ तिने भिंतीकडून दाराकडे फिरवली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावी. दुसऱ्याच्या कामाला हात लावल्यास तो गुन्हा समजू नये, असा हुकूम काढला. कचेऱ्यांनी तो वाचून फायलीला लावला. चंदनी पाटावरचा हार रोज पुरा होतो, आणि त्याची गाठ राणी आपल्या हाताने मारते. रायभान नाव चालवतो. ती दोन्ही तीरांना पोचते. कधी कधी राणी नावेत असते, आणि मध्यावर तो वल्ही तिच्या हाती देतो. आता तशी गरज नाही.

दरवर्षी पितृपक्षात तो महालात जातो. राणी जेवायला बसते. तो दाराशी उभ्याने जेवतो, आणि घास मोडण्याआधी तिच्या ताटात पाहतो. वाढपी आता तूप आधीच जास्त वाढतो.

पुरवणीस अनुसरून रायभानने कैलासवासी राजे धवलसेन यांच्याकडे रीतसर अर्ज केला आहे. अर्ज एकाक्ष कावळ्यामार्फत पितृलोकी जातो व उत्तर पुढच्या पितृपक्षात येते. पहिल्या खेपेस उत्तर आले : अर्ज पोचला. त्यानंतर आले : राणीची संमती जोडावी. ती जोडली. त्यानंतर आले : अर्जदाराचे आमच्याशी नाते काय, ते नमूद करावे. रायभानने पुष्कळ विचार केला आणि एकच ओळ लिहिली : 'तुम्ही गेलात तेव्हा राणीसाहेबांचे राहिलेले रडणे मी रडलो आहे.'

एकाक्षाच्या तोंडी निवेदनानुसार, राजांनी हा कागद वाचला, बराच वेळ हातात धरला आणि कचेरीत परत न पाठवता उशाशी ठेवून घेतला. त्यावर शेरा मारलेला नाही. नाकारलेलाही नाही.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.